काळ्यावरचा लाल

४ जानेवारी
संकल्प: कँडी पेंट. काचेसारखा पारदर्शक रंग, हातावर हात चढवत न्यायचा, की गाडी आतून पेटल्यासारखी दिसते. मेव्हण्याने बाइक दिली. म्हणजे तो नाही म्हणेपर्यंत चावी माझ्या खिशात होती. २८ तारखेला त्याला ती बाइक-शोमध्ये न्यायची आहे.

५ जानेवारी
बायकोला माझी कामाची शेड हवी. शिकवणीची मुलं हॉलमध्ये मावत नाहीत म्हणे. शेवटी अट ठरली. महिनाअखेरपर्यंत मी रंगवलेलं बघून कुणी एकाने जरी आपणहून ‘काय लाल आहे’ म्हटलं, तर शेड कायमची माझी. नाहीतर फळा आत, मी बाहेर. लगेच हो म्हटलं. बिचारी.

९ जानेवारी
बेस कोट काळा. एकदम गडद. पेंटच्या दुकानदाराला विचारलं नव्हतं, तरी तो बोलला. काळ्यावर थेट कँडी मारू नका, मध्ये सिल्व्हर घ्या, नाहीतर उजेड परतवायला आत काही उरत नाही. सिल्व्हरचे डबे पडून असतील त्याच्याकडे. मी म्हटलं, मला रंगात खोली हवी आहे, पातेल्याची चकाकी नको.

११ जानेवारी
पहिला हात. दर हाताआधी शेडमधल्या बंद पडलेल्या फ्रिजच्या पांढऱ्या दारावर एक फवारा मारून बघतो, स्प्रे गन नीट चालतेय ना ते. मग टाकीवर.
टाकीवर लाल दिसत नाही. पहिल्या हाताला दिसतच नसतो.

१४ जानेवारी
आणखी दोन हात. टाकी जास्तच काळी. लक्षण उत्तम, खोली येतेय. फ्रिजचं दार मात्र उगाच भडक झालंय. पांढऱ्यावर काय, काहीही दिसतं.

१७ जानेवारी
बायको शेडमध्ये आली. रंग द्यायला कधी सुरुवात करणार, विचारलं. तिला उन्हात नेलं, मान तिरकी करून टाकीत खोल बघायला लावलं. बराच वेळ बघून म्हणाली, “मला मी दिसतेय.” मग केस सारखे केले आणि फळ्यासाठी भिंत मोजून गेली.

२० जानेवारी
आज नाक शिंकरलं तर लाल. कान लाल. बायकोचा टॉवेल लाल, त्यावरून बोलणी खाल्ली. म्हणजे डब्यात लाल रंग आहे हे सिद्ध झालं. दोष असेल तर बघणाऱ्यांच्या नजरेत.
आणखी दोन हात मारले.

२३ जानेवारी
हॅलोजन अगदी जवळ धरला आणि टाकीच्या मागच्या बाजूला लाल दिसला. स्वच्छ दिसला. मेव्हणा म्हणतो, ती टेललाइट आहे.
मग तो हळूच म्हणाला, “भाऊजी, मी फॉर्मवर रंग कँडी लाल लिहिलाय. अजून सिल्व्हर मारता येणार नाही का?” त्यासाठी सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. मी माघार घेणाऱ्यांतला नाही, असं त्याला सांगितलं. तो नुसता सीटवर हात फिरवत उभा राहिला. जरा वाईट वाटलं. मग वरून शेवटचा क्लिअर कोट मारून टाकला.

२८ जानेवारी
शो. आभाळ भरून आलेलं, दुसरं काय होणार. परीक्षकाने फॉर्म वाचला, बाइक बघितली आणि मेव्हण्याला विचारलं, लाल गाडी कुठे आहे. पुढचं समजावायला मी होतोच. परीक्षक मान हलवत सगळं ऐकून घेतो आणि बक्षीस कशाचं देतो, तर मूळ काळा रंग उत्तम राखल्याचं. मी हरकत घेतली. कप परत करू म्हटलं. मेव्हण्याने कप सोडला नाही. आनंदाने घरी घेऊन गेला, बाइकही. घरभेदी.

३० जानेवारी
शेजारच्या काकू फळा उचलायला मदत म्हणून आल्या आणि शेडच्या दारातच थबकल्या. “अगं बाई, काय लाल आहे गं.” आपणहून म्हणाल्या. माझी छाती फुगली. मग आठवलं, बाइक तर गेली.
त्या फ्रिजकडे बघत होत्या.
बायकोने माझ्याकडे बघितलं. शब्दाची पक्की आहे, मान्य. म्हणाली, “अट म्हणजे अट. ‘हा मी रंगवलाय’ एवढं म्हणा, शेड तुमची.”
मी? फ्रिज? काळा बेस नाही, खोली नाही, काही योजना नाही. स्वच्छ सांगितलं, तो मी रंगवलेला नाही. तिथे मी फक्त गन तपासत होतो. ते आपोआप झालं.
तिने पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

६ फेब्रुवारी
शिकवणी शेडमध्ये सुरू. माझी गन माळ्यावर. फ्रिजमध्ये वह्या-पुस्तकं ठेवतात. ऊन आलं की दार असं काही पेटतं की मुलांना सोडायला आलेले पालक आत येऊन हात लावून बघतात. आज एकजण विचारत होता, कुणाचं काम, त्याला त्याच्या कारला अगदी असाच रंग हवाय.
मी दारातच उभा होतो. बायको म्हणाली, “कुणी नाही केलं. आपोआप झालं.”