तेरवु म्हणजे रिकामं

३ फेब्रुवारी, सोमवार

नोटीस लागली! हाउसिंग बोर्डाच्या माणसानं आमच्या चाळीच्या जिन्याखाली चिकटवली, सगळी कन्नडमध्ये. शहापूरहून फॉल लावायच्या साड्यांची पिशवी घेऊन आले तर चोवीस घरांची माणसं तिथं गोळा. "मंगलआक्का, वाच की गं!" मामाच्या गावी चौथीपर्यंत कन्नड शाळेत होते, तेवढ्या भांडवलावर चाळीत माझा रुबाब. खोटं कशाला बोलू, आवडतो मला तो.

वाचलं. दुरस्ती, म्हणजे आपली दुरुस्तीच. छताचा गिलावा, न्हाणीची फरशी, नवे नळ. वीस वर्षांनी जाग आली म्हणायची! मग एक शब्द आला. तेरवु. म्हणजे रिकामं करणं. त्याच्या अलीकडचा शब्द मात्र काही केल्या लागेना. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. अडले असं कसं दाखवू? पुढचं न वाचताच ठोकून दिलं — "काम हुईपतूर घरं रिकामी करायची."

"आमी न्हाय हलनार जा!" म्हणत सगळे चहाला गेले. शेजारची नागुआक्का तेवढी उभी राहिली.

४ फेब्रुवारी

तो शब्द अजून डोक्यात आहे. उद्या नीट बघते.

५ फेब्रुवारी, बुधवार

बघायचं राहिलं, आणि नागुआक्का गेलीसुद्धा. तिकडं जंगलात, कणकुंबीला, बाळाबाईकडं — तिची धाकटी बहीण. बहात्तर वर्षांची बाई, भांडी पोत्यात भरून, कपड्यांचं बोचकं बांधून निघाली. म्हटलं, "आक्का, एवढी घाई कशाला? बाकीचं कोन हललंय?" तर म्हणते, "बाकीच्यास्नी काय कळतंय? तू वाचलीस म्हंजे खरंच असनार." चावी माझ्या हातात दिली. भाड्याचं कार्डही.

तिचं नऊ नंबर, माझं दहा. मधे एक भिंत. सौरवच्या वेळी माझं बाळंतपण तिनं केलं, आणि हे वारले तेव्हा पंधरा दिवस माझ्या चुलीला तिनंच हात लावला. तिला मूलबाळ नाही. नवऱ्यामागं हे एक घर तेवढं तिच्या नावावर आहे.

८ फेब्रुवारी

चहा दोन कप ओतला. एक मोरीत.

१० फेब्रुवारी, सोमवार



शहापूरहून आले तर नऊ आणि दहा, दोन्ही दारांवर खडूची फुली. वरच्या मजल्यावरची प्रियदर्शनी, कन्नड शाळेत मास्तरीण आहे, ती जिन्यातच भेटली. म्हणाली, "बोर्डाचे लोक आलते आज. तुमचं आणि आज्जींचं कुलूप होतं. उद्या नऊ वाजता परत येणार आहेत. दोनदा कुलूप दिसलं की घर पडून आहे असं धरतात, कार्ड रद्द. नोटिशीत लिहिलंय की सगळं!"

नोटिशीत!

तिला म्हटलं, जरा वाच बाई, माझा चष्मा घरात आहे. (नाकावरच होता.) ती भराभर वाचत गेली. "अट्टद सामानु तेरवु — माळ्यावरचं सामान रिकामं करा. आणि तपासणीला घरात हजर राहा."

अट्ट म्हणजे माळा. माळा! घर नव्हे! हजर राहा असं लिहिलेलं असताना मी त्या म्हातारीला जंगलात धाडलं!

बाळाबाईच्या मुलाला, मष्णूला फोन लावला, दहा वेळा. लागत नाही. स्टँडवर पळाले. कणकुंबीच्या मुक्कामी गाडीचा कंडक्टर भरमू ओळखीचा. "नागुआक्काला सांग, सकाळच्या गाडीनं ये, काय बी करून ये!" तो म्हणाला, "सांगतो की. पर गाडी हितं पोचायला धा वाजत्यात."

आणि ते नऊला येणार. कुणाला मदतीला बोलवावं तर का म्हणून सांगावं लागेल. मंगलनं चुकीचं वाचलं, हे चाळभर होईल. नको. दोन्ही घरं मीच सांभाळते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काय करून बसले मी!

बेत सोपा होता. नागुआक्काच्या घरात नागुआक्का होऊन बसायचं. तिथलं उरकलं की मागच्या दारानं माझ्या घरात शिरायचं, साडी बदलायची, पुढचं दार उघडायचं. साहेब मान वर करून बघतोय कशाला! तिचं हिरवं लुगडं नेसले, पदर कपाळापर्यंत ओढला. सगळी चाळ आपापल्या घरात हजर बसलेली.

साहेब आला. "नागुबाई यारु?"

"नाने," मी म्हटलं. मीच.

"वयस्सु?"

"एप्पत्तेरडु." बहात्तर! मी त्रेपन्नाची. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि लिहून घेतलं. शंकासुद्धा आली नाही मेल्याला! पुढं कार्ड बघितलं, अंगठा घेतला. मला वाटलं, सुटले.

तर तो खाली बसला! पाणी मागितलं. छताकडं बघत बसला, काठीनं गिलावा ठोकून बघितला. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडं दार वाजलं. माझं दार. त्याच्याबरोबर दुसरा माणूस आहे हे मला ठाऊकच नव्हतं! सवयीनं पुढून कुलूप लावून आले होते. ते त्यानं दोनदा हलवलं, आणि ओरडला — "हत्तु नंबर, कीली हाकैति, सर!"

दहा नंबरला कुलूप आहे.

माझ्या जिभेवर आलं होतं — अहो, ती मीच! पण मग हा कागदावरचा अंगठा कुणाचा? आक्काचं घर तिथंच गेलं असतं. माझ्या वाचण्यामुळं गेलं असतं.

पदर आणखी पुढं ओढला. साहेबानं माझ्या नावापुढं रेघ मारली. मी बघत होते.

दहाच्या गाडीला आक्का आली नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बोर्डाच्या ऑफिसात गेले. माझी साडी, माझा चष्मा, हातात माझं कार्ड. म्हटलं, साहेब दुसरा असेल. दारातून बघते तर टेबलाला तोच! हसून म्हणाला, "एनरी नागुबाई, चहा आयता?" चहा झाला का म्हणून विचारतो! कार्ड पदराखाली घेतलं. "आयतरी," म्हटलं आणि परत आले.

जेवण गेलं नाही. खरं सांगावं तर दोन्ही घरं जातात. नाही सांगावं तर माझं जातं. फार भीती वाटते आहे.

१३ फेब्रुवारी

पुण्याहून सौरवचा फोन. "आई, दुरुस्ती कधी गं सुरू?" म्हटलं, होईल लवकरच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आक्का आली. तीन दिवस तापानं पडून होती म्हणे. बोचकं खाली ठेवलं, स्वतःचं दार चाचपलं, आणि माझ्या दारासमोर जाऊन उभी राहिली. तिथं सकाळीच कागद चिकटवलाय.

"हे काय लिवलंय गं तुझ्या दारावर? वाच की. तुला येतंय न्हवं."

वाचलं. हत्तु नंबर. तेरवु. या वेळी एकही शब्द अडला नाही.