कलेक्टरनीची पाठ

बंटी भैयाचा तबेला,
ओमतीच्या मागे, जबलपूर
मंगळवार, दुपार

तीर्थस्वरूप पद्मजाआत्यास,

प्रथमेशचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (जोडण्याआधी हात धुतले आहेत, काहून, ते पुढे कळेल.) तुझा गुडघा कसा आहे? आतोबांची साखर खाली आली, की ते अजून चोरून बर्फी खाऊन राहिले? इकडे सगळे ठीक. बाबांची खुशाली मला आईकडून कळते आणि माझी बाबांना आईकडूनच, त्यामुळे आईचा घसा तेवढा बसला आहे.

फोन सोडून पत्र काहून, असं तू विचारशील. फोनवर मी दुसऱ्या वाक्याला तापतो आणि तिसऱ्याला तू फोन ठेवतेस. कागदावर तापलं तरी खोडता येतं. (वर जिथं शाई गिचमिड झाली आहे, तिथं बाबांविषयी एक शब्द होता.)

कॉलेज सोडल्याचं तुला कळलं असेलच, पण ते बाबांच्या बाजूनं. माझी बाजू अशी, की सरांनी भर वर्गात हजेरीपटावरून नजर उचलली आणि म्हणाले, "आइए मेहमान जी, चाय मँगवाऊँ?" मी ताडकन उठलो, बाक आपटला आणि निघालो. सायकल स्टँडपाशी आल्यावर लक्षात आलं की मला कोणी जा म्हटलंच नव्हतं. पण एवढ्या थाटात निघालेला माणूस परत कसा जाणार? घरी बाबा म्हणाले, "आता घरात बसून काय करणार?" मी म्हणालो, घरात बसणारच नाही. तेव्हापासून चार महिने झाले, दिवसभर मी बंटी भैयाच्या तबेल्यात असतो. (जेवायला आणि झोपायला घरी जातो. आईला वाईट वाटतं म्हणून.)

बंटी भैया वरातीला घोड्या देतो. तीन आहेत. त्यांतली सगळ्यांत पांढरी आणि सगळ्यांत वयस्क, तिचं नाव कलेक्टरनी. सगळ्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेते आणि काहीच मंजूर करत नाही, म्हणून. गेल्या लग्नसराईत तिनं भर चौकात जे पाय रोवले, ते बँडवाले दमले तरी उचलले नाहीत. भैया म्हणे, मिजास आहे. मग एके सकाळी दीक्षा आली.

आत्या, इथं मी तीन ओळी लिहून खोडल्या आहेत, कारण त्या तुला वाचायला द्यायच्या नव्हत्या. थोडक्यात सांगतो. दीक्षा वेटरनरीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वरातीच्या घोड्या तपासत फिरते, पायात गमबूट, आणि केस बँडेजच्या पट्टीनं बांधलेले. तिनं कलेक्टरनीच्या पाठीवरून नुसता हात फिरवला, तर घोडी अशी थरारली की मीच मागे सरलो. "भैया, ये नखरा नहीं है, दर्द है," ती म्हणाली. "हफ़्ते भर आराम दीजिए और रोज़ मालिश करवाइए." भैया हसला. "दीदी, हमारी कोई नहीं करता, घोड़ी की कौन करेगा?" मी गवताच्या भाऱ्यावर बसलो होतो. "मैं करूँगा," कोणीतरी म्हणालं. पाहतो तर मीच.

आता मालिश म्हणजे मला माहीत ती आखाड्यातली. मी राईचं तेल आणलं आणि दोन दिवस घोडी अशी चोळली की तिच्या पोटात आपलं तोंड पाहून भांग पाडावा. तिसऱ्या दिवशी सराफ्यातली वरात होती. (भैयानं आधीच शब्द दिला होता, आराम राहून गेला.) नवरदेव क्रीम रंगाच्या शेरवानीत वर चढला, बहिणींनी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ चारली, बँड सुरू झाला. सराफ्याच्या गल्लीत पहिल्याच वळणावर जीन डावीकडे सरकू लागलं. घाईनं नाही गं, अगदी सावकाश. नवरदेव कलतो आहे, त्याचा सेहरा कलतो आहे, लोकांना वाटतं लाजून राहिला. शेवटी तो एका सोनाराच्या पायरीवर अलगद उतरला. लागलं कुठंच नाही, पण शेरवानीचा मागचा भाग असा झाला होता, की जणू कोणी त्यात भजी तळून काढली. त्याचे काका माझ्यावर धावले, मी त्यांच्यावर धावलो आणि पुढचा भाग खोडला आहे.

दुसऱ्या दिवशी दीक्षा आधी भैयाला बोलली, मग मला. "तुम्ही घोडी चोळता की भांडी घासता?" मराठीत! मला इतका आनंद झाला, की आपल्याला झापलं जाऊन राहिलं हेच कळलं नाही. तिचे आजोबा अमरावतीकडून इथं आले, घरी मराठीच बोलतात. मग तिनं शिकवलं. तेल नको. बोटं मानेवर ठेवायची, दह्यावर ठेवावी इतकीच हलकी, आणि हळूहळू पाठीकडे न्यायची. घोडीनं पापणी मिटली की समजायचं, इथंच दुखतं; तिथं थांबायचं. दाबायचं नाही, थांबायचं. मग ती जीभ फिरवते, खालचा ओठ सैल सोडते आणि जांभई देते. जांभई आली की गाठ सुटली. सोपं आहे ना? पण घोडीला तुमच्या बोटांतून राग कळतो. माझ्या डोक्यात बाबा आले, की ती मागचा पाय उचलायची. सर आले, तर दोन्ही कान मागे. तीन आठवडे मी त्या जनावरासमोर कोणावरही न रागावता उभं राहायला शिकलो. तिनं पहिली जांभई दिली, त्या दिवशी मला रडू आलं. (दीक्षानं पाहिलं नाही. किंवा पाहिलं.)

आता मुख्य गोष्ट. गेल्या शनिवारी तिला न्यायला तिचे वडील आले. वीरेंद्रजी रिछाईत एका कारखान्यात मशीनवर उभे असतात, त्यामुळे स्कूटरवरून उतरले ते घडी मोडलेल्या खाटेसारखे. दीक्षा मागे दुसऱ्या घोडीचा खूर पाहत होती. मी म्हणालो, काका, बसा, पाठ पाहू का? ते म्हणाले, "पाहा बाप्पा, आता घोड्यातच जमा आहे मी." मान माझ्याकडे वळवून बाजेवर पालथे झाले. मी बोटं ठेवली, थांबलो आणि मनात आलं, आज नाही तर कधीच नाही. मी हळू आवाजात सगळं सांगू लागलो: मी कोण, कॉलेजचं काय झालं, दीक्षा मला किती आवडते, आणि मी लग्न करीन तर तिच्याशीच. त्यांनी पापणी मिटली. जीभ फिरवली. खालचा ओठ सैल पडला. आणि आत्या, त्यांनी जांभई दिली! मला वाटलं, झालं, होकार.

ते झोपले होते. पाऊण तास मी हात न काढता उभा. उठून बसले, कंबर वळवून पाहिली, खूश झाले आणि म्हणाले, "तुम्ही काहीतरी सांगून राहिले होते न?"

पहिल्यांदा सांगायला हिंमत लागली नव्हती, दुसऱ्यांदा लागली. जागा माणूस होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे दीक्षाले माहीत आहे का?" मी जमिनीकडे पाहिलं. "मंग आधी तिले सांगा न. मले काहून सांगता? तिनं हो म्हटलं तर घरच्या मोठ्यांले घेऊन या. पाठ चांगली पाहिली, पण पोरगी काही मी तेवढ्यावर देत नसतो."

बाकी सर्व कुशल. आतोबांना नमस्कार, बर्फीला हात लावू देऊ नकोस.

तुझा,
प्रथमेश

ता. क. मोठे म्हणजे कोण, असं त्यांनी विचारल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, की आमची आत्या रविवारी येऊनच राहिली. तेव्हा तिकीट काढ.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर दीक्षाला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं सगळ्या तबेल्याला माहीत आहे, मलाच उशिरा कळवलं." मग बराच वेळ घोडीची आयाळ विंचरत राहिली आणि म्हणाली, "मला भांडणारा माणूस चालेल. पण आपल्या बापाशी चार महिने न बोलणारा, तो उद्या माझ्याशी किती दिवस बोलणार नाही?" एवढं बोलून निघून गेली. हो नाही, नाहीही नाही. मी घरी चाललो आहे.

ता. क. तिसरा. तुझ्या नव्या फ्लॅटचा पत्ता माझ्याकडे नव्हता, आईकडेही नव्हता. बाबांकडे होता. विचारला. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग पत्ता लिहून दिला, मग म्हणाले, एवढं लांब पत्र काहून? तेव्हा बसून सांगितलं, सगळं. पत्राची आधीची पानंही त्यांनीच वाचायला घेतली आहेत. म्हणतात, खाली दोन ओळी मला लिहू दे.

चि. पद्मास आशीर्वाद. हा अर्धा तास माझ्याशी बोलला आणि एकदाही ओरडला नाही. प्रकृती बरी नसावी. रविवारची वाट पाहू नकोस, लगेच नीघ.
तुझा दादा