पायाचा आकडा

हिवरखेड

सौ. पार्बता हीस,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे की नाही हे ठाऊक नसल्याने सरळ मजकूर लिहितो.

पुतण्याचा मुलगा योगेश यास अकोल्यात कन्या झाली. दुसऱ्या दिवशी परिचारिकेने बाळाच्या उजव्या हाताला व नंतर पायाला लाल दिव्याची पट्टी लावली. रक्तातील प्राणवायू हातात सत्त्याण्णव भरला, पायात अठ्ठ्याऐंशी. यंत्र बिघडले असावे, असे मी म्हणालो.

"आजोबा, मशीनले कावून नावं ठेवता? पायाचा आकडा कमी आला की हृदय तपासा लागते," ती म्हणाली.

हृदयात दोष निघाला. उपचार त्वरित सुरू झाले, बाळ वाचेल.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी आपल्या तीन दिवसांच्या मुलाला मांडीवर घेऊन तू म्हणाली होतीस, "अवो, याचे पाय हातापरीस निळे दिसून रायले. अकोल्याले चाला."

मी चारचौघांत हसलो. "चौथी शिकलो मी, अन् डाक्टरीण तू?"

पाचव्या दिवशी मूल गेले. तू दर्यापूरला माहेरी गेलीस आणि मी न्यायला आलो नाही. यंत्राने दाखविले ते तुला नुसत्या डोळ्यांनी दिसले होते.

काल मी दर्यापूरला आलो होतो. तू ओसरीवर तूर निवडत होतीस. तू वर पाहिले नाहीस म्हणून परतलो, असे प्रथम लिहिले होते. ते असत्य असल्याने खोडले आहे. तू पाहिलेस, ओळखलेस आणि सूप बाजूला सारून मला बसायला जागा केलीस. माघारी मीच फिरलो.

तुझा,
जानराव