मिटणाऱ्या डब्याची बटणं

सोलापूर,
१० नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
वैजूचा कृ. सा. न. वि. वि.

फराळ पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. चिवड्यात शेंगदाणे कमी होते एवढंच लिहिलंस. चकल्यांबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे त्या जमल्या असं मी धरते.

आता बातमी, ती बसून वाच. मी आणि शेजारच्या साबेरानं मिळून एक गाडी घेतली. गाडी म्हणजे बिनइंजिनाची, जीपच्या मागे जोडायची दोन चाकांची पेटी. पाहिजे तिथं उभी करायची आणि झाकण उचलायचं, की दोन्ही बाजूंना पलंग उघडतात, वर कापडाचं छप्पर ताणलं जातं आणि मध्ये ओटा, नळ, छोटा फ्रीज. निघताना सगळं मिटून परत पेटी. पुण्याच्या एका जोडप्यानं हौसेनं घेतली होती, दोनदा वापरली आणि त्यांची हौस फिटली. साबेराच्या मालकांच्या माघारी त्यांची जीप नुसतीच उभी होती, आणि चालवायला ती बाई कुणाला ऐकत नाही. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून मी उभ्यानं प्रवास केला, आता आडवी पडून करणार. उत्कर्षा म्हणाली की आई, या वयात हे काय खूळ. मी म्हटलं, लेकरं हाताशी आली, नोकरी संपली, मग खूळ करायचं तरी कधी?

अडचण एकच आणि ती तुझ्या खात्यातली आहे. पेटीत सगळं एका बॅटरीवर चालतं, पण एकाही वस्तूला बटण नाही. बॅटरीची वायर जोडली की फ्रीज, दोन पंखे, दिवे आणि पाण्याचा पंप सगळे एकदम सुरू. पंप सुरू झाला की नळाला धार लागलीच, कारण नळाला तोटीही नाही. वायर काढली की सगळे एकदम बंद. म्हणजे वारा पाहिजे असेल तर पाणी सांडायची तयारी ठेवायची. परवा अंगणात उघडून बसलो, तर चहा होईपर्यंत टाकी रिकामी आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी गार.

तेहतीस वर्षं तू रेल्वेच्या डब्यांतले दिवे-पंखे जोडलेस. ये आणि बटणं बसवून दे. खरं सांगू का, बटणं हे निमित्त आहे. वहिनी गेल्यापासून चार वर्षं तू कुर्डुवाडीची वेस ओलांडली नाहीस. फोनवर तुला ऐकू येत नाही म्हणून पत्रं लिहावी लागतात, त्याचं मला काही नाही. पण तू माणसांतून उठत चाललायस आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. जानेवारीत उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, ते बघायला जायचं आमचं ठरलंय. ओट्याच्या बाजूला तिसऱ्या माणसाची झोपायची जागा आहे. तू चल.

लोभ आहेच, त्यालाही आता जरा घराबाहेर काढ.

तुझी,
वैजू

&nbsp;

कुर्डुवाडी,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. वैजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. दोनदा वाचले, एकदा रागाने आणि एकदा बटणांसाठी.

सोबत आकृती काढली आहे. तिकडे कोणी जाणता वायरमन असेल त्याला दाखव. बॅटरीकडून येणारी तांबडी वायर तोडून तिच्यात बटण घालायचे, काळीला हात लावायचा नाही. प्रत्येक वस्तूला वेगळे बटण आणि वेगळा फ्यूज. घरातली पांढरी बटणे लावू देऊ नको. ती घरच्या करंटसाठी असतात, बॅटरीच्या करंटवर आत ठिणगी धरते आणि पट्टी जळते. मोटारीच्या सामानाच्या दुकानात बारा व्होल्टची मिळतात, ती घ्या. बटणे ओट्याच्या वरच्या काठावर, हाताशी, एका ओळीत बसवावी. पंपाचे सर्वांत शेवटी. टाकी रिकामी असताना पंप चालू राहिला तर जळेल, हे दोघींनी ध्यानात ठेवावे.

मी येणार नाही. कारण तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. उत्कर्षाच्या लग्नात पंगतीत सगळे हसले. कशाला ते मला कळले नाही, म्हणून मीही हसलो. मग ते आणखी हसले. तेव्हा तुझी वहिनी शेजारी होती, तिने हात दाबला. आता हात दाबायला कोणी नाही. घरात बसलेल्या बहिऱ्याला कोणी हसत नाही.

शिवाय आमच्या गुरुसिद्धप्पा मिस्त्रींचा नियम तुला पाठ आहे. ज्याने तार जोडली त्याने पहिल्या फेरीला त्याच डब्यात बसायचे, म्हणजे काही पेटले तर पहिला चटका त्याला. मी तो शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. तेव्हा हात तुमच्या वायरमनचा असू दे, अक्कल माझी घ्या.

चकल्या बऱ्या होत्या. प्रकृतीस जपावे आणि जीप हळू चालवावी असे साबेराबाईंना माझ्या नावाने सांगावे.

तुझा दादा,
रामहरी

&nbsp;

सोलापूर,
९ डिसेंबर २०२४

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझी अक्कल घेतली. आता तिचं काय झालं ते ऐक.

इथला आसिफ वायरमन चांगला माणूस. तुझी आकृती बघून म्हणाला की मावशी, दादांचं अक्षर म्हंजे छापील हाय, ह्याच्यावरनं कुणीबी वायरिंग करंल. एका दिवसात त्यानं सहा बटणं ओट्याच्या काठावर ओळीनं बसवली. मी आणि साबेरानं दुपारभर ती नुसती दाबून बघितली. पंखा लावला तर पंखाच लागतो याचा आनंद तुला कळायचा नाही, तू आयुष्यभर बटणवाल्या डब्यांत काढलंस.

परवा पहिली फेरी म्हणून नळदुर्गला निघालो. टाकी काठोकाठ भरली, गाद्या घालून पलंग मिटले, शेंगाचटणी आणि भाकरी बांधली. साबेरा एवढ्या झोकात चालवत होती की एसटीवाले वळून बघत होते. किल्ल्यापाशी उतरले, तर पेटीच्या मागच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार. उघडून बघतो तो दोन्ही गाद्या चिंब. झालं असं होतं की पलंग मिटला की त्याची फळी बरोबर ओट्याच्या काठावर येते, आणि काठावरच्या शेवटच्या बटणावर, म्हणजे पंपाच्या, बसते. सोलापूर सोडल्यापासून पंप चालू होता. जीपच्या आवाजात आम्हाला पत्ताच नाही. टाकी संपल्यावरही बापडा कोरडाच फिरत होता, हात लावला तर चटका बसला. जळला नाही हे नशीब.

साबेरा तटावर बसून पोट धरून हसली, मग भाकरी खाल्ली, मग पुन्हा हसली. राहायला गेलो होतो ते उन्हं उतरायच्या आत घरी. गाद्या अजून गच्चीवर आहेत. गल्लीतलं प्रत्येक माणूस विचारतंय की कोण आजारी होतं.

तुला बोल लावत नाही रे. पण उत्कर्षा म्हणते आता विकून टाक. साबेरा हसली खरी, पण तेव्हापासून तिनं उजनीचं नाव काढलेलं नाही. मला मात्र वाटतं की आता माघार घेतली तर पुन्हा कधी जायची नाही. तू तरी काहीतरी लिही.

लोभ असू दे, फक्त कोरडा नको.

तुझी,
वैजू

&nbsp;

कुर्डुवाडी,
१४ डिसेंबर २०२४

चि. वैजूस,
अ. उ. आशीर्वाद.

चूक माझी आहे. आसिफची नाही, त्याला तसे सांगावे.

शेकडो डबे जोडले, पण त्यातला एकही कधी मिटला नाही. तू पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहिले होतेस की निघताना सगळे मिटून परत पेटी. मी ते वाचले आणि आकृती मात्र उघड्या डब्याची काढली. दोन दिवस जेवण गोड लागले नाही. पाणी होते म्हणून गाद्या भिजण्यावर भागले. रिकामा पंप फिरून फिरून पेटला असता आणि वर तुमच्या गाद्या होत्या, हे मनातून जात नाही.

विकायची नाही. पेटी इकडे आणा. अंगणात जागा आहे, पंधरा-वीस दिवस ठेवा. मी माझ्या हाताने करतो. मात्र नियमाचे खुसपट काढू नको. तो नोकरीतला नियम होता आणि मी निवृत्त आहे.

येताना शेंगाचटणी आणावी. गाद्या उन्हात उलटून पालटून वाळवाव्या, नाहीतर वास धरतील.

तुझा दादा,
रामहरी

&nbsp;

सोलापूर,
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

काल पेटी घेऊन सुखरूप पोचलो. तुझ्या अंगणात तू ती दहा वेळा मिटलीस, दहा वेळा उघडलीस आणि प्रत्येक वेळी मला वाकून फटीतून बघायला लावलंस. माझी कंबर धरली, पण खात्री पटली. बटणं आता दाराशेजारच्या लाकडी खणात आत बसलीत, वरून झाकण, कुठलीच फळी तिथवर पोचत नाही. सगळं एकदम बंद करायचं मोठं बटण वेगळं. साबेरा खूश आहे. वाटेत टेंभुर्णीपासून उजनीच्याच गप्पा मारत होती.

निघताना मी तुला म्हटलं की आता पहिल्या फेरीला चल. तू चहा टाकायला आत गेलास. दादा, तुला काय ऐकू येत नाही आणि काय ऐकायचं नसतं, यातला फरक मला चांगला कळतो.

पण पत्र त्यासाठी नाही. आज सकाळी मी एकटीच पेटीत बसून बटणं बघत होते. दोन बटणांशेजारी तू बारीक तांबडा दिवा बसवलायस. बटण चालू असलं की तो पेटतो. मी तो मागितला नव्हता. आधी वाटलं शोभेचा असेल, पण तू आणि शोभा यांचा संबंध नाही. मग बघितलं तर पंख्यांना असा दिवा नाही, उजेडाच्या दिव्यांनाही नाही. ते चालू आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसतंच. दिवा आहे फक्त पंपाला आणि फ्रीजला. म्हणजे जे नुसतं कानांना कळतं त्या दोघांनाच.

आमचा पंप गिरणीसारखा घरघरतो. जीप उभी असली तर साबेराला पुढच्या सीटवर बसून ऐकू येतो. फ्रीजची गुणगुण तर मला झोपेत कळते. आम्हा दोघींना त्या दिव्यांचा काही उपयोग नाही. मग दादा, ते दिवे तू कुणासाठी लावलेस?

हे कळलं तेव्हा मी ओट्यावर डोकं टेकून रडले. सांगते म्हणून हसू नकोस.

आम्ही २५ तारखेला निघतोय. कुर्डुवाडी थोडी वाकडी वाट आहे, पण साबेरा म्हणाली, डिझेल मेरा, तू खामोश बैठ. पक्षी बघायला कान लागत नाहीत. आणि तार तू जोडलीस.

बाकी लोभाचं तुझ्यावर सोडते.

तुझी,
वैजू

&nbsp;

कुर्डुवाडी,
१७ जानेवारी २०२५

चि. वैजूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र अंगणात बसून वाचले. पेटीच्या चाकांच्या खुणा अजून मातीत आहेत, झाडलेल्या नाहीत.

ते दिवे तुम्हा दोघींच्या सोयीसाठी लावले, असे लिहायला बसलो होतो. वर दोन ओळी खोडलेल्या दिसतात, त्या त्याच. खरी गोष्ट अशी की पेटी इथे होती तेव्हा दुपारची कामे झाली की मी ती उघडून आत बसत असे. एके दिवशी ओट्याकडे पाठ करून बसलो आणि पंप बंद करायचा राहिला. मला आवाज आला नाही. तळवे ओले झाले तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी बाजारातून तांबडे दिवे आणले. बसवताना मनाशी कबूल केले नाही, एवढेच. तिसऱ्या जागेवर आडवा होऊनही पाहिले. पाय पुरतात.

भीती वाटते, ती लिहून ठेवतो. तुम्ही दोघी बोलाल आणि मी मध्ये खांबासारखा बसेन. तेव्हा एक अट आहे. हसायला माझी हरकत नाही, साबेराबाईंनी पोट धरून हसावे. पण कशाला हसलात ते मला लिहून दाखवायचे. दोनशे पानी वही आणि दोन पेन आणून ठेवले आहेत.

गुरुसिद्धप्पा मिस्त्रींनी निवृत्तांना सूट असल्याचे कधी सांगितले नव्हते. नियम तो नियम.

२५ तारखेला या. दारात आल्यावर हॉर्न वाजवू नका. गल्ली गोळा होईल आणि मला तो ऐकू यायचा नाही. मी सकाळपासून घराबाहेरच्या ओट्यावर पिशवी घेऊन बसलेलो असेन.

कळावे. लोभ बरोबर घेऊन येत आहे.

तुझा दादा,
रामहरी