सतरा नंबरची पाठ

१५ ऑक्टो. २०१२, सोम.
लोशन आलं. खोकंभर बाटल्या, नाव नाही, नुसते नंबर. एक उघडून वास घेतला. वाळलेल्या फुलांचा, मागे थोडा रॉकेलसारखा. उवांसाठी आहे, शाळेतल्या मुलांच्या डोक्याला लावायचं. उवा मरतात की नाही ते दुसऱ्यांनी बघितलंय. आमच्या लॅबकडे एवढंच तपासणं, की कातडीची आग होते का. धडधाकट माणसांवर.

नोटीस वाचून कॅन्टीनवाल्याने विचारलं, "मैडम, दवा सिर की, तो पीठ पे काहे?" म्हटलं, पाठ सपाट असते आणि माणसाचा हात तिथे पोचत नाही. पटलं त्याला.

आमची लेक, नेहा, माझा फोन उचलत नाही. बापाचा, विनयचा, उचलते. तो बाल्कनीत जाऊन बोलतो, मला ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकू येतं.

२० ऑक्टो., शनि.
माणसं जमली. हॉस्टेलच्या मुली, दोन सिक्युरिटी गार्ड, बँकेच्या परीक्षा देणारी पोरं, विकास नगरकडच्या काही जणी. कामाची वाटणी: नावं, सह्या, चिकटवणं फरहतकडे. (गेल्या वर्षी लागलेली माझी रिसर्च फेलो. हुशार आहे, फार लवकर घाबरते.) मी फक्त पाठी वाचायच्या. मध्ये पडदा, पडद्याला खिडकी, पलीकडे स्टुलावर पाठ. मला नंबर कळणार, नाव नाही.

प्रत्येक पाठीवर चार गोल पट्ट्या. लोशन, औषध न घातलेलं लोशन, मिठाचं पाणी, साबणाचं पाणी. ए, बी, सी, डी. कुठलं काय ते विभागप्रमुख पांडेसरांच्या कपाटात, पाकिटात बंद. लालसर असेल तर एक, चांगली लाल तर दोन, असं चढत जायचं.

पांडेसर घाईत. बकरीद झाल्या झाल्या सुरू करा म्हणाले. कंपनीचे रोज फोन.

२४ ऑक्टो., बुध. दसरा
आपटा नाही मिळत इथे. विनयने रेल्वे कॉलनीतून कांचनची पानं आणली. पूजा झाल्यावर चार पानं खिशात घालून विकास नगरला गेला, नेहाला सोनं द्यायला. मी श्रीखंडाचा डबा दिला. कुणी केलं ते सांगू नकोस म्हणणार होते, पण ते तिला कळणारच.

जूनमध्ये बी.एस्सी. सोडलं तिने. न विचारता. अमीनाबादच्या एका चिकनकारीच्या दुकानात भरतकामाची डिझाइनं काढते. मी म्हटलं होतं, तुझं तू ठरवतेस तर तुझी तू राहा. राहिली. एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन.

विनय परत आल्यावर:
"कशी आहे?"
"बरी आहे. बारीक झालीय. हात खाजवत होती सारखी. मच्छर म्हणाली."
"आणखी काही?"
"डबा ठेवून घेतला."

२९ ऑक्टो., सोम.
पट्ट्या लागल्या. मी दिवसभर माझ्या खोलीत, बाहेर डोकावायचं नाही असा नियम. कॉरिडॉरमध्ये हसणं, चपलांचे आवाज. फरहत संध्याकाळी दमून आली. सगळ्यांना समजावलंय, दोन दिवस पाठीला पाणी नाही, घाम येईल असं काही नाही. गार्डांनी विचारलं, ड्यूटीच घामाची असते, तिचं काय. त्यांना पंख्याखाली बसवायचं ठरलं.

३१ ऑक्टो., बुध.
पट्ट्या काढल्या, पहिलं वाचन. साबणाच्या जागी बहुतेकांना लाली. कोणती जागा साबणाची ते आता न सांगताही कळतं. बाकी स्वच्छ.

सतरा नंबर. उजव्या खांद्याच्या हाडाखाली कांजिण्यांचे दोन वण, एकाखाली एक, विसर्गासारखे. नेहा तिसरीत होती. नखं कापली होती तरी फोडलेच तिने.

खिडकीतून वीतभरच पाठ दिसते. वीतभर पुरली. ती वळली नाही. मी बोलले नाही. फरहत पेन धरून उभी. "मैडम, सत्रह?"
"सी, एक. डी, एक. बाकी शून्य."
पुढचा नंबर.

चाचणी करणाऱ्याच्या घरचं माणूस यात चालत नाही. साधा नियम आहे, मीच गेल्या वर्षी मुलांना शिकवलाय. ती वडलांचं आडनाव लावते, मी इथे माहेरचं. फरहतने तिला कधी पाहिलेलं नाही.

विनयला सांगितलं नाही. जेवताना तो म्हणाला, आज गप्प आहेस. म्हटलं, खूप पाठी झाल्या.

१ नोव्हें., गुरु.
दुसरं वाचन. साबणाची लाली सगळ्यांची उतरलेली. तशीच उतरायला हवी. नुसती आग असेल तर पट्टी काढल्यावर ती कमी होत जाते.

सतराची डी उतरली. सी वाढली. लाल, उचललेली, पट्टीच्या कडेबाहेर गेलेली, वर बारीक पाण्याचे फोड. ही आग नाही. ही ॲलर्जी. शरीराला आधीची ओळख असल्याशिवाय असं होत नाही.

ठरलेला प्रश्न विचारायचा असतो. विचारला. "खुजली हो रही है?"
"थोड़ी सी."
मग तोंडून निघून गेलं, "कधीपासून?"
पलीकडून, "कल से. पट्टी निकली उसके बाद."

फरहतचं पेन थांबलं. तिला मराठी येत नाही, पण मी मराठीत विचारलं आणि सतरा नंबरला समजलं, हे तिला समजलं. माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेली.

पडदा सरकवला. नेहा कुर्ता सारखा करत होती.
"नियम वाचला होतास?"
"पढ़ा था. ऋतु अकेली नहीं आना चाह रही थी." ऋतु म्हणजे खोलीतली मैत्रीण. मग, "मुझे लगा तुम पहचानोगी नहीं."
"कालच ओळखलं."
"तो बोली क्यों नहीं?"

मलम दिलं. खाजवू नकोस म्हटलं.

२ नोव्हें., शुक्र.
रात्री विनयला सांगितलं होतं, आज पांडेसरांना. विनय नुसता "अच्छा" म्हणाला आणि बराच वेळ पेपरचं तेच पान धरून बसला.

पांडेसर चिडले नाहीत. उलट सुटल्यासारखे झाले. "बेटी है तो बाहर कीजिए. सीधी बात है."
सतरा बाहेर काढली की उरलेल्यात कुणालाच काही नाही. लोशन निर्दोष.
म्हटलं, सर, रिॲक्शन झालीय. लिहावी लागेल.
"कंपनी ने इरिटेशन पूछा है, एलर्जी नहीं." हे खरं आहे. "और मैडम, आपने बुध को पहचाना, और बृहस्पति को फिर रीडिंग ली. ये भी लिखेंगी?" हेही खरं. धमकी नव्हती. आवाज काळजीचाच होता.

३ नोव्हें., शनि.
पांडेसरांच्या कपाटातलं पाकीट उघडलं. सी म्हणजे लोशन. औषध न घातलेलं बी होतं, ती जागा स्वच्छ. म्हणजे औषधच, ते फुलांच्या अर्काचं. शेवंतीच्या कुळातली फुलं. आणि त्याच कुळातलं दुसरं काय इथे गल्लोगल्ली वाढतं ते मला माहीत आहे.

दुपारी विनयबरोबर विकास नगरला गेले. पहिल्यांदाच. खोली तळमजल्यावर, खिडकीला लागून रिकामा प्लॉट, त्यात कमरेएवढं गाजर गवत, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. मी खिडकीशीच उभी राहिले. नेहाला म्हटलं, हात दाखव. कोपरापर्यंत खरखरीत, काळपट.
"हे कधीचं?"
"अगस्त से. मच्छर हैं यहाँ."
"मच्छर नाहीत."

सांगितलं सगळं. गवताने अंगात ॲलर्जी रुजवली, फुलांच्या अर्काने ती बाहेर काढली. विनयने उठून खिडकी लावली. ऋतुने चहा केला, तीच जास्त घाबरलेली. सॉरी आंटी, सॉरी आंटी. भिंतीवर नेहाची डिझाइनं टाचणीने लावलेली, बटर पेपरवर. कैरी, जाळी, मासे. चांगली आहेत. तसं म्हटलं नाही, पण पाहत होते ते तिने पाहिलं.

"तो मेरा वाला गिनोगी नहीं?"
"मोजता येत नाही."
"लेकिन हुआ तो है."

परतताना विनय गाडी चालवता चालवता म्हणाला, घरी चल म्हणायचं होतंस. म्हटलं, तू का नाही म्हणालास. तो म्हणाला, माझ्याशी भांडण नाही तिचं.

५ नोव्हें., सोम.
एथिक्स कमिटीला पत्र लिहिलं. सतरा नंबर गणतीतून बाहेर, कारण नातं. सतराची रिॲक्शन पूर्ण वर्णनासह, कारण ती झाली. या शहरात गाजर गवत शाळांच्या मैदानांवरही आहे, आणि हे लोशन मुलांच्या डोक्याला, कानामागे, मानेवर लागणार आहे. बुधवारी मी ओळखलं होतं, हेही.

फरहत दारात उभी. "मैडम, मेरा नाम आएगा?" तिची पीएच.डी. अजून व्हायची आहे. तिला माहीत नव्हतं असं स्वच्छ लिहिलंय, ते वाचायला दिलं. वाचून हो म्हणाली, पण गेली नाही. म्हणाली, त्या मुलीने सही करताना विचारलं होतं, रीडिंग बड़ी मैडम खुद लेंगी ना? हो म्हटल्यावर सही केली.

पांडेसरांनी पत्र पुढे पाठवलं. शेरा नाही.

९ नोव्हें., शुक्र.
सतराची शेवटची तपासणी. मी करायची नाही असं ठरलंय, बाहेरच्या स्किनच्या डॉक्टरांकडे नेली. मी बाहेर बाकावर. आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही. बाहेर येऊन तिने सांगितलं, फोड सुकलेत, डाग राहील काही महिने.
"दुखतंय?"
"नहीं. अजीब लगता है बस, दिखता नहीं है ना मुझे."

वाटेत कपूरथळ्याच्या चौकात उतरून चाट खाल्ली. तिने तिखट जास्त सांगितलं. खोली बदल म्हटलं. बघतेय म्हणाली, मराठीत. तिला सोडून घरी आले.

१३ नोव्हें., मंगळ. दिवाळी
सकाळी अंघोळीला आली नाही. दुकानात सणाची गर्दी, सुट्टी नाही. संध्याकाळी आली, ऋतुला घेऊन. पूजेला बसली. चकल्या कडक झाल्यात म्हणाली. झाल्या होत्या. ऋतुने विचारलं, हे कसं करतात. नेहानेच सांगितलं, भाजणीपासून, मला न विचारता. बरोबर सांगितलं.

विनयने तिची खोली झाडून ठेवली होती. ती आत गेली, एक स्वेटर घेऊन बाहेर आली. साडेनवाला दोघी गेल्या. उरलेल्या चकल्या बरोबर दिल्या.

१६ नोव्हें., शुक्र.
कंपनीला परत चाचणी हवी आहे. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या माणसांवर, दुसरं कुणी वाचणारं. पांडेसर म्हणाले, हे आपल्यासाठीही बरं आहे. मी विचारलं, हे गवत नाही तिथे घेणार की जिथे आहे तिथे? ते म्हणाले, "ये हम कैसे तय करें." सतराबद्दल कंपनीला काही कळवलंय का, ते मला सांगितलं नाही. कमिटी मंगळवारी बसतेय. मला समक्ष बोलावलंय. तोपर्यंत पुढचं कुठलंही वाचन मी करायचं नाही.

फरहतने माझ्या टेबलावर सुकामेवा ठेवला.

१८ नोव्हें., रवि.
दुपारी फोन वाजला. विनय अंघोळीला. नेहाचा, आणि माझ्या फोनवर. जूननंतर पहिला.
"पापा बता रहे थे, मंगल को तुम्हें बुलाया है."
"हो."
"क्या पूछेंगे?"
"सगळंच. कधी ओळखलं, सांगायला का थांबले."
"का थांबलीस?"
म्हटलं, अजून उत्तर तयार नाही.
"मुझे भी बुलाया है?"
"नाही. तू आता गणतीत नाहीस."
मागे शिलाईचं मशीन चालू होतं, दुकानातून बोलत असावी. रविवारीही.
"मैं फिर भी आ जाऊँ तो? पीठ तो मेरी है."

विचारून सांगते म्हटलं. कुणाला विचारायचं ते कळत नाही. विनय बाहेर आला, कुणाचा फोन होता म्हणाला.