मोजणी बरोबर

४ मार्च, सोमवार

आजपासून यादी! थिएटरच्या भिंतीवर चिकटवलीय, दर पेशंटच्या कागदांतही एक, खुणा करून सही करायला. कापायच्या आधी सगळ्यांनी थांबायचं — पेशंट कोण, ऑपरेशन कसलं, कुठल्या बाजूचं, मोठ्यानं बोलायचं. शिवायच्या आधी सिस्टरांनी मॉप मोजायचे, म्हणजे रक्त टिपायला पोटात ठेवतो ते कापडी तुकडे. सव्वीस वर्षं ऑपरेशनं करतोय, आता मला पाढे म्हणायला लावताहेत! भूलवाले डॉक्टर (आमची निद्रादेवी) म्हणाले, "नव्याचे नऊ दिवस. घ्या चालवून."

१४ मार्च, गुरुवार

अकरावा दिवस. यादी आहेच.

आज पोट शिवायला घेतलं तर सिस्टर म्हणाल्या, "सर, थांबा. एक मॉप कमी भरतोय." वीस मिनिटं शोधाशोध. पेशंटचं पोट उघडं, निद्रादेवी घड्याळ बघताहेत, मी घामाघूम. सापडला कुठे — बादलीत, दुसऱ्या मॉपला चिकटून! माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत बोललो, "वीसपर्यंत मोजता येत नसेल तर वॉर्डात बदली मागा!" त्या खाली मान घालून मॉप पुन्हा मोजायला लागल्या.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "बाहेर सापडला ते बरंच झालं की." तिला काय कळतंय! जेवण मात्र गेलं नाही.

१५ मार्च

सिस्टरांची माफी मागायची होती. केस लांबली, राहून गेलं.

२७ मार्च, बुधवार

यादी आता अंगवळणी पडली. चाळीस सेकंदांत आटपते. मी विचारतो, "मोजणी?" सिस्टर हळूच म्हणतात, "बरोबर, सर." ना शोधाशोध, ना कटकट. एकदा खडसावलं की काम कसं सरळ होतं!

आज शाळेतल्या एका बाईंचं ऑपरेशन. आतड्याला पीळ पडलेला. अवघड होतं, पण हात छान चालला. शुद्धीवर आल्या आल्या विचारतात काय, तर "पेपर कधी तपासायला घेऊ?" नवऱ्यानं माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मलाही भरून आलं. या वयातही येतं.

११ एप्रिल, गुरुवार

त्या बाई परत आल्या. ताप, पोट दुखतंय, चेहरा ओढलेला. नवरा नुसता माझ्याकडे बघत होता. मनात पाल चुकचुकली. जुने कागद मागवून यादी पाहिली — सगळ्या खुणा जागच्या जागी, खाली सिस्टरांची सही. हुश्श! म्हणजे आत थोडा पू धरला असेल. नवऱ्याला म्हटलं, "काळजी करू नका, आमच्याकडे सगळं तपासून होतं." उद्या एक्स-रे.

१२ एप्रिल

मॉप. आत.

सिस्टरांना विचारलं. म्हणाल्या, "एक कमी भरत होता, सर. वाटलं, माझंच चुकत असेल."