पंपामागचं पॅकिंग

उकवा, १५ मे

प्रिय पवनदादा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की बाबांच्या गाडीचा पेट्रोल पंप उघडला तेव्हा तू बसवलेला रबरी पडदा फाटलेला निघाला. ते चूक आहे. चूकही नाही, खोटं आहे. पडदा शाबूत होता.

खाणीच्या गोऱ्या साहेबाची, पुढे आमच्या घरी आलेली ती ऐंशी-नव्वद वर्षांची गाडी. शाळेत जाण्याआधी मी तिच्याच बॉनेटखाली शिकले. पाटीवरच्या आकड्यांच्या आधी बाबांनी मला पान्ह्यांवरचे आकडे ओळखायला लावले. तिचा पंप इंजिनाला चिकटलेला. उन्हाळ्यात तो इतका तापायचा, की आतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडायची. तू मामाकडून आमच्याकडे काम शिकायला आलास आणि पंप व इंजिन यांच्यामध्ये फायबरचं जाड पॅकिंग घातलंस, पुढच्या जाळीतून पंपावर वारा यावा म्हणून पत्र्याची नळी बसवलीस. मग भर मे महिन्यात आपण लांजीला जाऊन आलो. बाबा भेटेल त्याला सांगत होते, "कंपनीवाल्याले नाई सुचलं, ते आमच्या पोट्ट्याले सुचलं!" तेव्हा मला हेवा वाटला का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नक्की सांगता येत नाही.

मागच्या वर्षी गोंदियाच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनासाठी गाडी मी तयार केली. कंपनीच्या पुस्तकात नव्हतं ते सगळं काढलं. परत आल्यावर नळी लावली. पॅकिंगसाठी पंप पुन्हा उतरवावा लागणार होता, म्हणून ते उद्यावर टाकलं. पाचव्या दिवशी बाबांच्या छातीत कळ आली.

बालाघाटच्या दवाखान्यात नेताना रस्त्यावर मँगनीजचे ट्रक अडकले होते. दहा मिनिटं थांबलो, आणि गाडी पुन्हा सुरूच होईना. मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "काहून बंद पडली रे?" तू म्हणालास, "पंपाले काई होत नाई, मी बसवला न." आणि त्या भरवशावर तू प्लग काढत बसलास. मी शेजारी उभी होते. मला माहीत होतं, पंपामागे पॅकिंग नाही. बाबा ऐकतील म्हणून मी बोलले नाही. वीस मिनिटांनी मी पंपावर ओला गमछा टाकला आणि गाडी सुरू झाली. ती वीस मिनिटं गेली नसती, तर बाबा वाचले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

नंतर शेवंताआत्या सगळ्यांसमोर ओरडली, "बायकोच्या भाच्यानं डोकं लावलं अन् माह्या भावाले मारलं!" तू मान खाली घातलीस. मी तेव्हाही गप्प होते.

काल आईकडून कळलं, नागपूरच्या गॅरेजात तू आता नुसते टायर बदलतोस, बॉनेट उघडत नाहीस. माझ्या गप्प राहण्यानं तुझ्या हातचं काम सुटलं. बाबांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला सगळे नातेवाईक जमतील. बुद्धवंदना झाली, की आत्यासमोर उभी राहून मी हे जसंच्या तसं सांगणार आहे. माझ्या तोंडून त्यांना कळण्याआधी तुला कळावं, म्हणून हे पत्र. तू आलास किंवा नाही आलास, तरी मी बोलणार. रविवार, २४ मे, सकाळी दहा वाजता.

तुझ्यासमोर खोटी ठरलेली, तरी तुझीच,
दीपिका